दमचाचांचा जोड

गाडी बिघडली म्हणून अभिनंदन करणारा मनुष्य मी आयुष्यात एकच पाहिला. पेणला रामवाडीत त्यांचे गॅरेज होते. कोणी तोंड पाडून आला की ते हातातला पाना खाली ठेवून उठत, फडक्याला हात पुसत आणि आलेल्याचा हात हातात घेऊन म्हणत, "मुबारक! बिघडली काय? या, बसा. आज मजा हाय." एकदा महामार्गावर नवरदेवाची गाडी धूर ओकून थांबली. हे धावत गेले आणि त्यांनी नवरदेवाला सोडून ड्रायव्हरला मिठी मारली. वराचे वडील संतापले. "मुहूर्त टळतोय आणि हा माणूस हसतोय!" बॉनेटमधून डोके बाहेर न काढता उत्तर आले, "लगीन काय, रोज कुणाचं तरी लागतंच. असा धूर रोज दिसतो काय?" वरात वेळेवर पोहोचली. वराच्या वडिलांनी जेवायला आग्रहाने बोलावले होते. हे गेले नाहीत. तोवर दुसरी गाडी बिघडून आली होती.

सारे गाव त्यांना दमचाचा म्हणे. तरुणपणी ते आखातात होते आणि तेथे लाँचच्या इंजिनांवर काम करत. परतल्यावर रामवाडीत बसले. टर्बो हा शब्द आपणहून त्यांच्या तोंडी मी एकदाच ऐकला. टर्बो इंजिनात हवा दाबून भरतो. ती हवा कमी पडली की गाडी सपाटीवर बरी चालते, चढाला मात्र रडते आणि मागे काळा धूर सोडते. चाचांच्या भाषेत त्या गाडीचा दम गेलेला असे. दम गेलेली जुनी गाडी दिसली की त्यांच्या चेहऱ्यावर जे तेज येई, ते मी इतरांच्या चेहऱ्यावर लॉटरी लागल्यावरही पाहिलेले नाही.

"टर्बो गेला," असे म्हणणाऱ्या कारागिरांचा त्यांना तिटकारा होता. "गेला? कुठं गेला? पनवेलला?" असे ते विचारत. "अरे, हवा येते कुठून, जाते कुठं, ते तर बघ. पार्ट बदलतो तो दुकानदार. चोर पकडतो तो मिस्त्री." त्यांचा शोध ठरलेल्या वाटेने चाले. प्रथम हवेची गाळणी. मग टर्बोला हुकूम पोहोचवणाऱ्या बारीक नळ्या. मग टर्बोचा दांडा हलतो की गंजून बसला आहे, ते. शेवटी हवेचे जाड पाइप. प्रत्येक टप्प्यावर ते मोठ्याने आरोपीचे नाव पुकारत आणि तो निर्दोष ठरला की त्याला थोपटून सोडून देत. जोह्याच्या गणपती कारखान्यातला एक टेम्पो आला, तेव्हा पहिल्याच टप्प्यावर निकाल लागला. गाळणी आपटताच प्लास्टरची पांढरी भुकटी ढिगाने पडली. चाचा आनंदाने ओरडले, "शेठ, हितं अजून एक मूर्ती झाली असती की!" तो कारखानदार त्या दिवसापासून त्यांचा मित्र झाला.

चाचांना नम्रता ठाऊक नव्हती. "माझं काम उसवत नाय," हे वाक्य त्यांच्याकडून दिवसातून अनेकदा ऐकावे लागे. माझ्या गाडीचा हवेचा जाड पाइप फाटला आणि जुन्या गाडीचा म्हणून तो कोठे मिळेना, तेव्हा ते जोह्याला त्या मित्राकडे गेले. मूर्तीचे साचे करण्यासाठी तेथे पातळ रबर असते. कापडावर त्याचे एकावर एक हात देऊन साचा घडवतात. चाचांनी त्याच रीतीने पाइपाच्या फाटीवर कापड गुंडाळले, रबराचे हात दिले, वाळवले आणि रस्त्यावरच्या माणसांना बोलावून तो जोड दाखवला. "बघा! पेणच्या गाडीला पेणचं औषध."

त्यानंतर एक पावसाळा गेला आणि गाडीचा दम पुन्हा ओसरू लागला. रोह्याच्या वाटेवर नागोठण्यापुढे भिसे खिंड आहे. त्या चढाला मी दुसऱ्या गिअरवर आलो. मागून येणारे ट्रक हॉर्न देऊ लागले. एकदा गाडी चढातच थांबली. पुण्याहून मुलगा आला, त्याने गाडी एका मोठ्या गॅरेजात दाखवली. तेथे नवा टर्बो सांगितला. मुलगा म्हणाला, "बाबा, आता विका. रविवारी माणूस बघायला येईल, मी सांगून ठेवलंय." हिशेबाने त्याचे म्हणणे चूक नव्हते.

परंतु रोह्याला माझ्या पत्नीची थोरली बहीण अंथरुणाला खिळून होती. अर्धांगाने तिची वाचा गेली होती. पत्नी दर बुधवारी जाऊन तिचे केस धूत असे. ते दुसऱ्या कोणी धुतलेले ताईंना चालत नसत. त्या मान फिरवत. पत्नीचे गुडघे गेलेले. एस.टी.ची पायरी तिला चढवत नसे, रेल्वेचा पूल तर नाहीच. भाड्याच्या गाडीचे मी सुचवले. ती म्हणाली, "बाहेर ड्रायव्हर ताटकळत असला की माझा हात घाईत चालतो. ताईला ते लगेच कळतं." गाडी गेली असती तर बुधवारही गेला असता.

शनिवारी सकाळी मी गाडी रामवाडीत नेली. पत्नी हट्टाने बरोबर आली. "मुबारक, साहेब!" चाचा दोन्ही हात पसरून उभे राहिले. मी विक्रीची गोष्ट सांगितली. त्यांचा चेहरा उतरला, पण क्षणभरच. "उद्या इकायची? मग आज चोर पकडलाच पायजे. वहिनी, तुम्ही खुर्ची घ्या. पंच म्हणून बसा."

गाळणी निघाली, स्वच्छ होती. बारीक नळ्या त्यांनी एकेक तोंडात धरून हवा ओढून तपासल्या, धड होत्या. दांडा मोकळा हलत होता. प्रत्येक सुटकेगणिक चाचांचा आवाज चढत गेला. "हा पण नाय! लई हुशार चोर हाय, साहेब!" मग त्यांनी हवा आत घेणारे तोंड एका झाकणाने बंद केले, झाकणात ट्यूबचा वॉल्व्ह बसवला आणि शेजारच्या पंक्चरवाल्याची हवा बेताने आत सोडली. साबणाचा फेस केला आणि दाढीच्या ब्रशाने प्रत्येक सांध्यावर लावला. फेस कोठेही फुगला नाही. मी उभी हयात पाटबंधारे खात्यात काढली. गळती हा विषय मला अपरिचित नव्हता. पण मलाही काही दिसले नाही.

ब्रश हातात धरून चाचा गाडीकडे बघत राहिले. शेवटी म्हणाले, "साहेब, टर्बोच असंल मग." हे शब्द त्यांनी कसे उच्चारले, ते मी लिहू शकत नाही.

तेव्हा पत्नी खुर्चीवरून म्हणाली, "चाचा, त्या काळ्या पट्टीला फेस नाही लावलात."

"वहिनी, तो माझा जोड हाय."

"म्हणून काय झालं?"

"माझं काम उसवत नाय, वहिनी. अख्ख्या रामवाडीला इचारा."

"रामवाडीला कशाला विचारू? साबणाला विचारा की."

पंक्चरवाला मोठ्याने हसला. चाचांनी त्याच्याकडे जळजळीत पाहिले, तशाच तावातावाने ब्रश बुडवला आणि आपल्या जोडावर फिरवला. एक क्षण काही झाले नाही. मग पट्टीच्या कडेला फेस हलला, फुगला आणि लिंबाएवढा बुडबुडा उभा राहिला. त्यामागे दुसरा. चाचांनी अंगठा दाबला. रबर चिकट होऊन कापडासकट सरकले.

मला वाटले, आता मनुष्य खचेल. चाचांनी ब्रश हवेत उडवला. "घावला! चोर घावला! अरे, या रे सगळी! मीच! मीच तो चोर!" ते रस्त्यावर गेले. ज्यांना वर्षापूर्वी तो जोड दाखवला होता, त्यांना हाताला धरून आणू लागले. "बघा! मूर्तीच्या साच्याला कधी तेल लागतं काय? नाय! हितं तेलाची वाफ, वर इंजिनाची गरमी. रबर पाघळलं. उभ्या गाडीत गप बसतं आणि चढाला जोर आला की हवा सोडतं. दमचाचानंच दम काढला!" स्वतःच्या चुकीचा असा सोहळा करणारा दुसरा मनुष्य माझ्या पाहण्यात नाही. पत्नी डोळ्यांना पदर लावून हसत होती. ती तशी हसत नसते.

ट्रकच्या सामानाच्या दुकानातून जाड पाइप आणून त्यांनी मापाने कापला आणि दोन्ही बाजूंनी क्लिपा आवळल्या. त्यानंतर पत्नीला म्हणाले, "वहिनी, फेस तुम्ही लावा. माझा भरवसा नाय." तिने लावला. बुडबुडा आला नाही.

रविवारी सकाळी गाडी बघायला माणूस आला, तेव्हा आमच्या दाराला कुलूप होते. आम्ही भिसे खिंडीत होतो. चाचा मागच्या बाकावर, दोन्ही सीटांच्या मधून डोके पुढे काढून. चढ सुरू झाला. "गिअर बदलू नका, साहेब. बदलू नका. दाबा. दाबा!" मी दाबले. गाडीने पाठीला असा रेटा दिला की पत्नीने दाराची मूठ धरली. पुढचा ट्रक मागे पडला. "चढली! वहिनी, चढली!" चाचा माझ्या खांद्यावर बुक्क्या मारत होते. माझ्या तोंडून काहीतरी शब्द निघाला. पत्नी म्हणते, मी ओरडलो. शक्य आहे.

ताईंचे केस त्या दिवशी रविवारीच धुतले गेले. पुढेही बुधवार चुकला नाही. दिवाळीनंतर ताई गेल्या, त्या बुधवारीच, पत्नीच्या मांडीवर डोके ठेवून.

ताईंचे दिवसकार्य झाल्यावर मुलाने फोन केला. "बाबा, आता रोह्याचं जाणं संपलं. गाडीचं काय ते ठरवून टाका." फोन पत्नीने घेतला. चाचांचे हात तोवर कापू लागले होते. गॅरेज बंद करून ते रोह्याला मुलीकडे राहायला गेले होते. पत्नी मुलाला म्हणाली, "आणि चाचांकडे काय एस.टी.ने जाऊ?" मग तिने मला चप्पल घालायला सांगितली. बुधवार होता.

चाचाही पौषात गेले. त्यांच्या मातीला जाऊन आम्ही परतलो, तेव्हा मुलाचा फोन आला. तो बराच वेळ बोलला. गाडीचा विषय त्याने काढला नाही.