चांगुणेला चावलं ते फुरसं होतं

माझ्या बायकोला हे ठाऊक नाही. मुलांना नाही. देवापुढे हात जोडले की मी घाईघाईनं दुसरंच काहीतरी मागून मोकळा होतो, म्हणजे त्यालाही मी आपल्या तोंडानं कधी सांगितलेलं नाही. तुम्हीच पहिले. तुम्ही मला ओळखत नाही हे एक बरं आहे — ओळखत असतात तर आजही मी तुमच्याशी पीकपाण्याच्या गप्पा मारत बसलो असतो.

कोपरीत माझ्या वडलांचं नाव होतं, ते विंचवाच्या मंत्रामुळे. दिवसभर ते ठाण्याच्या कचेरीत लेखणी चालवीत, आणि घरी परतावं तो ओट्यावर कुणीतरी कण्हत बसलेलं असे — खाडीवरचे कोळी, मिठागरावरचे आगरी, कधी आमच्यासारखाच एखादा कारकून. कुणाकडून काही घ्यायचं नाही, कुणाला परत पाठवायचं नाही, ही त्यांची शिस्त. आणि सापाच्या बाबतीत एकच कडक नियम. साप असेल तर हात लावायचा नाही. 'हे माझ्याच्यानं होणार नाही, इस्पितळात न्या' असं स्वच्छ सांगायचं.

हा मंत्र ग्रहणात देतात. कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून, कानात. मी एकोणीस वर्षांचा असताना वडलांनी मला खाडीत उतरवलं. आता काय सांगू — सरपटणाऱ्या कशाचीही मला लहानपणापासून भयंकर भीती. घरात साधी गोम निघाली तरी मी पाय वर घेऊन झोपाळ्यावर बसणारा माणूस! पायाखाली चिखल, आणि त्या चिखलात पोटरीला घासून काहीतरी वळवळत गेलं. वडील कानाशी काय पुटपुटले ते देव जाणे. माझं सगळं लक्ष पायांत. "ध्यानात आलं ना?" असं त्यांनी विचारलं आणि मी मान डोलावली. पुन्हा विचारायची लाज वाटली. उद्या विचारू, परवा विचारू असं करता करता वर्षं गेली, आणि एक दिवस वडीलही गेले.

ते जाऊन महिना झाला नसेल, ओट्यावर एक कोळीण येऊन बसली. रडून तिचे डोळे सुजलेले. काय करायला हवं होतं मी? करायला हवं होतं ते केलं नाही एवढं खरं. मी तिच्या पायावरून हात फिरवला आणि ओठांतल्या ओठांत औटकी म्हटली. हो, साडेतिनाचा पाढा. पंतोजींच्या छडीनं तोच एक माझ्या जिभेवर पक्का बसला होता. संध्याकाळपर्यंत तिची कळ उतरली. विंचवाची कळ बहुतेक वेळा आपली आपणच उतरते, हे मला पुढे कळलं. कळल्यावरही मी म्हणत राहिलो. आगगाडीत बसून कल्याणहून माणसं येऊ लागली. हसू येतंय ना तुम्हाला? मलाही तेव्हा मनातल्या मनात येत असे.

आणि मग राघो आला.

राघो आगरी. कोपरीहून पाऊण तासाच्या वाटेवर, खाडीच्या काठाला त्याचं गाव. उन्हाळ्यात मिठागरावर, पावसात भातावर. भातकापणीचे दिवस होते, रविवार होता म्हणून मी घरीच होतो. भर दुपारी तो धावत आला तेव्हा त्याच्या तोंडून शब्द फुटेना. बायको भारा उचलत होती, बोटाला विंचू चावला, एवढं त्यानं कसंबसं सांगितलं. मी पंचा खांद्यावर टाकला आणि निघालो.

अंगणात चाळीसेक माणसं जमली होती. मला पाहून ती दोन्हीकडे सरली. एका म्हातारीनं आपला नातू माझ्या पायांवर घातला. खोटं कशाला बोलू — बरं वाटलं मला. कचेरीत ज्याला साहेबाचा शिपाईसुद्धा बसा म्हणत नाही, त्याला हे किती बरं वाटत असेल याची तुम्हीच कल्पना करा.

चांगुणा खांबाला टेकून बसली होती. मी तिचा हात हातात घेतला आणि उजेडाकडे वळवला. विंचवाची नांगी एक. इथे दोन ठिपके होते, जवळजवळ, आणि दोन्हींतून रक्त झिरपत होतं — पातळ, न थांबणारं. हात मनगटापर्यंत सुजला होता. आमच्याकडे अशा वेळी एक पडताळा पाहतात. कडुलिंबाचा पाला चावायला देतात. कडू लागला तर विंचू, नाही लागला तर साप. मी पाला मागवला, तिच्या तोंडात दिला आणि वाकून कान पुढे केला. देवा, कडू लागू दे, असं म्हणत होतो मी. तिच्यासाठी की माझ्यासाठी?

"आप्पा," ती हळूच म्हणाली, "कडू नाय लागत."

फक्त मला ऐकू आलं. मी उभा राहिलो. वडलांचा नियम मला पाठ होता — तेवढा एक होता. इस्पितळात न्या, एवढंच म्हणायचं होतं. पण मग तो पोरगा पायांवरून उचलून नेला असता, माणसं माझ्याकडे पाठ करून तिला न्यायला खाटल्याची दोरी आवळायला लागली असती, आणि उद्या कुणी म्हटलं असतं की बापाची सर नाही. एवढंच होतं हो. याहून मोठं काही कारण नव्हतं.

मी मोठ्यानं म्हणालो, "कडू लागतंय. विंचूच आहे."

चांगुणेनं माझ्याकडे पाहिलं. ती रागावली नव्हती. आपल्या जिभेचंच काहीतरी चुकलं असेल, शिकलेला माणूस म्हणतोय तेच खरं, असं तिनं ठरवलेलं मला दिसलं. तिनं मान खाली घातली आणि हात पुढे केला. मी औटकी म्हटली.

ते फुरसं होतं. फुरसं नागासारखं घटकेत मारत नाही, दिवस घेतं. म्हणजे मला दिवस मिळाले होते, हे तुमच्या ध्यानात आलं का? सोमवारी सकाळी मी कचेरीत निघालो असता राघोचा निरोप आला की हिरड्यांतून रक्त येतंय. उष्णता असेल, ताक द्या, असं मी सांगून पाठवलं. इस्पितळ माझ्या रोजच्या वाटेवरच. डॉक्टर बाहेर ओट्यावर उभे होते, ओळखीचे होते. मी छत्री त्यांच्या बाजूला कलती केली आणि झपाझप चालत राहिलो. मंगळवारीही तिथूनच गेलो. त्या दिवशी ते ओट्यावर नव्हते आणि मला हायसं वाटलं.

बुधवारी दुपारी चांगुणा गेली.

मला बोलावणं आलं, जावं लागलं. तिचा भाऊ अंगणात उभा होता, दांडगा माणूस. त्यानं सगळ्यांदेखत मला विचारलं, "आप्पा, इंचवानं मानूस मरतं काय?"  एकेक डोळा माझ्याकडे वळला. आता सगळं बाहेर येणार, पाला, दोन ठिपके, औटकी, सगळं.

इथवर लिहिलं ते मी कदाचित मरण्याआधी कुणाला तरी सांगितलं असतं. भित्रा होतो, बढाईखोर होतो, असं म्हणून लोकांनी सोडलंही असतं. जे सांगता येत नव्हतं ते यापुढचं आहे.

मंत्राचा एक जुना नेम आहे. बोलवायला येणाऱ्यानं विष उतरेपर्यंत पाण्याचा थेंब घ्यायचा नाही, घेतला तर मंत्र फळत नाही. वडील तो कधी कडक पाळत नसत, मी तर विसरूनच गेलो होतो. त्या क्षणी तो मला आठवला. मी राघोकडे वळलो आणि कडक आवाजात विचारलं, "मला बोलवायला आलास तेव्हा पाणी प्यायलास का?"

मला उत्तर ठाऊक होतं. रविवारी तो माझ्याच ओट्याशी वाकला होता. त्याला बोलवेना म्हणून माझ्याच बायकोनं तांब्या आणून त्याच्या ओंजळीत धार धरली होती. मी शेजारी उभा राहून पंचा शोधत होतो.

राघो माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "पिलू, आप्पा."

कुणी दिलं, हे त्यानं सांगितलं नाही. चांगुणेच्या भावानं विचारलं, तिच्या आईनं विचारलं. विहिरीवर पिलू, म्हणाला.

त्यांना एक लेक होती, तीन वर्षांची. तिला मामा घेऊन गेला, आणि राघोला दारात उभं करीनासा झाला. गावात त्याच्या पाठीमागे काय बोलत ते मी इथे लिहीत नाही. मी मात्र मंत्र सोडला. आता फळत नाही, असं सांगितलं. लोकांना त्यात माझा मोठेपणा दिसला. फुरशावर डॉक्टरांकडे तरी कुठे उतारा होता, असं पुढे एका डॉक्टरनंच मला सांगितलं. ते ऐकून काही दिवस मला चांगली झोप लागली. पण मी तो प्रश्न विचारला होता, आणि तो चांगुणा गेल्यावर विचारला होता. त्याला इस्पितळाची सबब चालत नाही.

पुढची वीसेक वर्षं राघो माझ्याशी अदबीनंच वागला. वाटेत भेटला की बाजूला होई. दोन वर्षांपूर्वी तो घरी आला, पार वाळलेला, खोकत. ओट्याच्या पायरीवर बसला. ही आत भाकऱ्या थापत होती, तो आवाज आम्हाला दोघांनाही ऐकू येत होता.  मी मनात म्हटलं, आता सांग. तो आणि मी, तिसरं कुणी नाही. सांग त्याला की पाण्यानं काही झालं नव्हतं.

"आप्पा," तो आवाज उतरवून म्हणाला, "माजा आता काय भरवसा नाय. येक मागनं हाय. वयनीला कदी सांगू नका, तो पानी तिचे हातचा व्हता. तिचे जिवाला लागंल."

मी म्हटलं, नाही सांगणार.

त्यानं हात जोडले आणि काठी टेकत निघून गेला. तो शिमग्याच्या आधीच वारला. दिलेला शब्द मी पाळला आहे.