दत्तूमामांची चावी

मशिनमधून हात बाहेर आला की दत्तूमामा विचारायचे, "किती?" आपण "पाच" म्हणायचं. मग ते म्हणायचे, "करा चालू." डिप्लोमा करून मी उचगावला ट्रॅक्टरवर चालणारी मशिनं बनवणाऱ्या वर्कशॉपमध्ये लागले, तेव्हा पहिल्याच दिवशी या फोरमननं मला बोटं मोजायला लावली. अस्सा राग आला. मी काय बालवाडीत आले होते?

दुसरी खोड चावीची. कुणी मशिनला हात लावायच्या आधी मामा ट्रॅक्टरची चावी काढायचे, सदरा वर करून सगळ्यांदेखत करदोट्याला बांधायचे आणि आरोळी ठोकायचे, "चावी कमरंला, आता हात मशिनला." पोरं खो खो हसायची. मीही हसायचे.

नव्वदीतली गोष्ट. आमच्या मालकांच्या डोक्यात कापूस वेचायचं मशिन बसलं होतं. तेही आमच्या कोल्हापुरात, जिथं चहूकडं ऊस. चाचणीसाठी त्यांनी कोडोलीत एका तुकड्यात मुद्दाम कपाशी लावली. बांधावरून जाणारा प्रत्येक जण ऐकवून जायचा, "ऊस तोडायचं मशिन करा की पावणं, ह्ये काय खूळ काढलंय?"

जेवणाच्या सुट्टीत मी मामांना या मशिनचा इतिहास सांगायचे. अमेरिकेत कितीजणांनी त्यापायी आयुष्य घालवलं. काहींनी चरख्याला असतात तसल्या फिरत्या चात्यांना काटे बसवले. त्यात कापूस अडकायचा, पण सुटता सुटायचा नाही. मग एकाला आठवलं, आजी सूत कातताना चाती ओली करायची. त्यानं गुळगुळीत चाती ओली करून बघितली, तर कापूस आपसूक चिकटला.

मामांनी भाकरी मोडता मोडता विचारलं, "हात कुणाकुणाचं गेलं, ते लिवलंय का त्यात?"

मी वाचलं होतं त्यात तसं काही नव्हतं. मामांच्या धाकट्या भावाचा हात गुऱ्हाळाच्या चरकात गेला होता. तो अडकलेला ऊस काढत होता आणि पलीकडून कुणीतरी इंजिन चालू केलं.

एकदा मालकांनी एका बड्या व्यापाऱ्याला मशिन बघायला कोडोलीत आणलं. अर्ध्या ओळीतच चात्यांना कापसाचा पीळ बसला. माझा हात बारीक, म्हणून तो काढायचं काम माझंच. ट्रॅक्टर बंद झाला, मामांनी चावी बांधली, आरोळी दिली. मी मागच्या बाजूला बसून मनगटापर्यंत हात आत घातला. मालक तेव्हा पाहुण्याला चहा पाजायला गेले होते. ते तणतणत परत आले, थेट सीटवर चढले. मागं बसलेली मी त्यांना दिसलेच नाही. खिशातली दुसऱ्या ट्रॅक्टरची चावी लावून त्यांनी फिरवली. इंजिन लागलं असतं, तर चात्याही फिरल्या असत्या.

काहीच झालं नाही.

"बॅटरी गेली वाटतं," मालक म्हणाले.

"बॅटरी चांगली हाय," बॉनेटपाशी उभे असलेले मामा म्हणाले. "वायर मी सोडलिया. आदी ताईंचा हात भाईर येऊ दे."

मालकांचा चेहरा पांढराफटक पडला. मी हात काढला आणि तिथंच ढेकळांवर बसून रडले.

"किती?"

"पाच," मी म्हटलं. त्या दिवशी राग आला नाही.

परतताना मी विचारलं, "वायर सोडायचीच होती, तर चावीचं नाटक कशाला, मामा?"

"दुसऱ्या ट्रॅक्टरची चावी बी ह्याला चालती, ते म्हाईत हाय की मला. पन वायर सोडल्याली कोन बघतंय? चावी बांधली की समदी हसत्यात. हसाय तरी हिकडं बघत्यात न्हवं?"

त्या दिवशी चावी बांधताना मालकच तेवढे बांधावर नव्हते.

मशिन काही जमलं नाही. कोडोलीच्या तुकड्यात पुन्हा ऊस आला. बऱ्याच वर्षांनी मामा अंथरुणाला खिळल्याचं कळलं, म्हणून मी शिवाजी पेठेत त्यांच्या घरी गेले. ते आता कुणाला ओळखत नव्हते. मलाही नाही. पाणी पाजायला मी हात पुढं केला, तर त्यांनी तो धरून ठेवला आणि एकेक बोट चाचपलं.

"किती?"

"पाच, मामा. पाचच्या पाच."

त्यांनी हात सोडला.

"मग करा चालू."