जांभळा शिक्का

पडद्यांच्या कारखान्यात ती बावीस वर्षं नक्षी काढत होती. सगळे तिला तोंडावर ताई म्हणत आणि पाठीमागे भंगारवाली. नजरेत भरेल ते ती उचलून आणायची, मग ते औषधाचं वेष्टन असो, शिंप्याकडची चिंधी असो, नाहीतर गंजक्या पत्र्याचा फोटो. मागे तारीख लिहून ते बुटांच्या खोक्यात जायचं. नक्षी अडली की ती खोकी जमिनीवर पालथी करायची आणि दोन चिठोऱ्यांची जोडी जमेपर्यंत उठायची नाही.

नव्या साहेबांनी नाक मुरडलं. "ताई, हा पसारा शुक्रवारपर्यंत हलवा. इंटरनेटवर लाखो नमुने पडलेत."

"तेच बाकीचे कारखानेही बघतात, साहेब."

शुक्रवारी तिने खोकी रिकामी केली खरी, पण सगळे चिठोरे भिंतींवर छतापर्यंत चिकटवले. साहेब दारातच थबकले आणि आल्या पावली परतले. तासाभरात मेमो आला: भिंती ताबडतोब साफ करा.

मेमो वाचून तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मग तिचं लक्ष मेमोच्या तळाशी गेलं. ओल्या शिक्क्यावरच कागदाची घडी पडली होती आणि जांभळी शाई दोन्ही बाजूंना फुलपाखरासारखी पसरली होती. तिने मागे तारीख लिहिली आणि मेमो दारातून थेट दिसेल असा लावला.

त्या हंगामात जांभळ्या फुलपाखरांचा पडदा सगळ्यांत आधी विकून संपला.

"ही नक्षी कुठून सुचली?" साहेबांनी विचारलं.

"तुम्हीच पाठवलीत," ती म्हणाली आणि मेमोकडे बोट दाखवलं.

साहेब कानशिलापर्यंत लाल झाले. भिंतींचा विषय मात्र त्यांनी पुन्हा काढला नाही.