तीन गैरहजेऱ्या

आमच्या समन्वय समितीत जिल्ह्यातल्या सात लहान संघटना होत्या आणि समितीची घटना लिहायचं काम माझ्याकडं आलं. उशिरा येऊन चहापुरते बसणारे सभासद बघितले की माझं डोकं फिरायचं. म्हणून सलग तीन बैठका चुकवल्या तर सभासदत्व रद्द, असं कलम मी घातलं आणि भांडून मंजूर करून घेतलं. बैठका नळदुर्गात व्हायच्या, माझ्या घरापासून पाच मिनिटांवर.

कलमाचा पहिला फटका बसला तो जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाच्या, वाशीकडच्या एका मावशींना. नवऱ्याशिवाय संसार ओढणाऱ्या बायांच्या संघटनेच्या त्या प्रतिनिधी. पुढच्या बैठकीत मी त्यांचं नाव कमी केल्याचं वाचून दाखवत होतो, तेवढ्यात त्या स्वतःच दारात उभ्या. धाराशिवला एस.टी. बदलून आल्या होत्या. त्या खाली बसल्या, तांब्याभर पाणी प्यायल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "सर, बैठकीला म्या आले न्हाय, व्हय. खुरपणीत रोजगार बुडतो. पन तहसीलवर आपल्या समितीचं तीनदा धरणं झालं, तिन्ही येळंला आमच्या बाया उन्हात बसल्या. तुमी कुठं व्हता?"

मी घाईनं हजेरीची वही चाळली. तीत फक्त बैठका होत्या. धरण्याला कोण आलं, हे लिहून ठेवावं असं मला कधी सुचलंच नव्हतं.

तिन्ही वेळा मी घरी होतो, पंख्याखाली, घटनेची कलमं नीट करत.