सुनीलची टेस्ट फाईल

सुनील मुकणेला चांगुलपणाचा रोग आहे, असं मी त्याला तोंडावर कैकदा सांगितलंय. तो नुसता हसतो. आमच्या केंद्रात तो कॉम्प्युटर सांभाळतो आणि मी पुस्तकं. त्याच्या डब्यातले खेकडे मला आवडतात, म्हणून ज्या दिवशी खेकडे असतील त्या दिवशी तो स्वतः रस्सा-भाकरी खाऊन उठतो. वर म्हणतो, "ताई, मला न्हाई आवडत." साफ खोटं!

केंद्र कासार आंबोलीच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी आहे. बोलीभाषांचा ध्यास घेतलेल्या एका सरांनी ते काढलं. वरच्या कातकरी वस्तीत जाऊन ते म्हाताऱ्या माणसांना बोलतं करायचे आणि सगळं रेकॉर्ड करायचे. मध कसा काढायचा, कंद कुठे मिळतात, लग्नातली गाणी, भांडणंसुद्धा. त्याच वस्तीतला सुनील त्यांच्याकडे कामाला लागला आणि मशीन शिकला. आता सर नाहीत. बोलणाऱ्यांपैकीही फार कुणी उरलेलं नाही. आवाज तेवढे एका जुन्या युनिक्स सर्व्हरच्या डिस्कवर होते. टेप आणि सीडी होत्या, पण मुळशीच्या पावसाळ्यात त्यांना बुरशी खाऊन गेली. सर्व्हर इतका जुना की त्याला पेन ड्राइव्ह लावायलाही जागा नाही.

एप्रिलमध्ये ती डिस्क कटकट वाजायला लागली.

सुनील माझ्या टेबलापाशी आला तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला होता. "ताई, डिस्क चालली. बंद क्येली तर परत उठायची न्हाई. चालू हाय तवर समदं नव्या मशीनवर घ्याया पायजे."

त्या समद्यात त्याची आईही होती. चंद्राबाईंना जाऊन तीन वर्षं झाली. सरांनी त्यांची एकच मुलाखत घेतली होती, दीड तासाची. डोंगरात कंद खणताना सुनीलचा जन्म कसा झाला, ते त्यांनी त्यात सांगितलं होतं. सुनीलने ती कधी ऐकली नव्हती. आई होती तोवर आईच होती. गेल्यावर त्याचा धीर होईना. "निवांत ऐकंन कवातरी," म्हणायचा.

उतरवायला सुरुवात केली. लग्नाच्या गाण्यांची पहिली फाईल दुपार झाली तरी अर्धी उतरेना. चार पावलं चालायची आणि बसायची. सुनीलने नेटवर्क तपासलं. तपासायची त्याची एक ठरलेली रीत होती. मुलाखत सुरू होण्याआधी सर माइक जुळवत असताना चंद्राबाई बाहेर निघालेल्या लेकावर ओरडल्या होत्या, तेवढाच तुकडा त्याने 'टेस्ट' नावाने वेगळा ठेवला होता: "सुन्या, दार लाव. कुत्रं आत येतंया." काही बिघडलं की तो ती फाईल इकडून तिकडे पाठवून बघायचा. आताही पाठवली. डोळ्याचं पातं लवायच्या आत पोचली.

"नेटवर्कला काय झालं न्हाई ताई. डिस्कच दमलीया."

मग त्या डिस्कची शुश्रूषा सुरू झाली. टेबलफॅन लावला, खिडक्यांना ओली पोती टांगली. थोड्या थोड्या वेळाने 'टेस्ट' पाठवून बघायची, ती झटकन पोचायची, की पुन्हा डिस्कलाच दोष. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! पण हे तेव्हा कुणाला ठाऊक? दोन दिवस असेच गेले. कटकट वाढत चालली होती.

वस्तीत बातमी पोचलीच. लीलाबाई खाली येऊन ओसरीवर बसली. तिचा नवरा भिकू जाऊनही बरीच वर्षं झाली. पाठोपाठ नथू आला, त्याच्या बापाची गाणी आत होती. आणखी माणसं आली. कुणी काही मागत नव्हतं. लीलाबाई तेवढी मधूनच दारातून विचारायची, "आमच्या मान्साचा आवाज आला का रं?"

मी सुनीलला आत ओढून म्हटलं, "बाकीचं राहू दे, आधी तुझ्या आईची घे!"

"लोकं दारात बसल्यात, ताई. आनि मी आधी माझंच ताट वाढून घिऊ व्हय? आई घरचीच हाय. थांबंल ती."

मला इतका संताप आला की मी तिथून निघून गेले.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी नेरे गावच्या निषादला फोन केला. हिंजवडीत नोकरी करतो, आणि आमचा नवा स्विच महिन्यापूर्वी त्यानेच फुकट बसवून दिला होता. स्विच म्हणजे सगळ्या मशीनच्या वायरी जिथे एकत्र येतात तो डबा. निषाद रजा टाकून आला.

"सर्व्हरचं नेटवर्क कार्ड कशावर आहे?" त्याने सुनीलला विचारलं.

"हंड्रेड, फुल. मागं जुना डबा तरास द्यायचा, तवा मीच पक्कं करून ठिवलंय."

"मग ठीक आहे. स्विच ऑटोवर आहे, तो आपोआप जुळवून घेतो."

दोघांचंही आपापल्या बाजूने बरोबर होतं. दोघांनी चहा घेतला. मला मात्र आतून येणारी ती कटकट ऐकवेना. मग निषादने सहज म्हणून लॅपटॉपवर स्विचचं पान उघडलं आणि कप खाली ठेवला.

"दादा, इथे हाफ दिसतंय. आणि टकरी बघा, हजारोंनी आहेत."

सुनीलला लगेच कळलं, मला समजावून सांगावं लागलं. सर्व्हर हंड्रेडचा वेग आणि फुल अशा एकाच सेटिंगवर पक्का बांधलेला, म्हणून तो जोडणीच्या वेळी स्विचशी काही ठरवतच नाही. समोरून उत्तर येत नाही म्हटल्यावर स्विच आपला सावधपणे हाफवर जातो, म्हणजे एकाने बोलायचं तेव्हा दुसऱ्याने गप्प बसायचं. सर्व्हर फुलवर, तो एकाच वेळी बोलतोही आणि ऐकतोही. मग दोघांचं बोलणं एकमेकांवर आदळतं, फुटतं, पुन्हा पाठवावं लागतं. मोठी फाईल यात मार खात राहते. चिमुकली मात्र टक्कर व्हायच्या आत निसटून जाते.

"म्हंजी मला आईच्या फाईलनंच फसवलं," सुनील म्हणाला.

निषादने स्विचही हंड्रेड-फुलवर पक्का केला, आणि दोन दिवस रखडलेली गाणी चहा निवायच्या आत उतरली. भिकू उतरला. नथूचा बाप उतरला. लीलाबाईच्या कानाला सुनीलने हेडफोन लावला, तर ती नवऱ्याचा आवाज ऐकून आधी हसली आणि मग पदरात तोंड खुपसून रडली.

डिस्क आता खरडल्यासारखी वाजत होती. "आता तरी आईची घे रे!" मी अक्षरशः ओरडले.

"ही येवढी एक झाली की. ह्यांचं मानूस दुसरीकडं कुटंच न्हाई."

ती एक झाली. त्याने चंद्राबाईंची फाईल लावली. डिस्क एकदा करकरली आणि गप्प झाली. पडद्यावर शून्याचा आकडा तसाच राहिला.

त्याने सर्व्हर बंद करून चालू केला. पुन्हा केला. डिस्कवर तळहात ठेवून, तापलेल्या पोराशी बोलावं तसा तो तिच्याशी बोलत राहिला. निषादने आपल्याला येत होतं ते सगळं करून पाहिलं. शेवटी तो सुनीलच्या खांद्यावर हात ठेवून नुसता उभा राहिला. मला रडू आवरेना, आणि ते दुःखाचं जास्त की रागाचं, हे मला आजही सांगता येणार नाही.

नव्या मशीनवर सगळ्यांचे आवाज नीट नावानिशी उतरले होते. त्यांच्या खाली एक भलीमोठी रांग होती: टेस्ट, टेस्ट दोन, टेस्ट तीन. दोन दिवसांत त्याने जितक्यांदा तपासलं तितक्यांदा आलेली तीच एक फाईल.

सुनीलने त्यातली एक लावली.

"सुन्या, दार लाव. कुत्रं आत येतंया."

तो उठला. दारात लीलाबाई उभी होती, मागे वस्तीतली माणसं होती, मीही होते. त्याने आमच्यापैकी कुणाकडेही पाहिलं नाही आणि दार लावून घेतलं. आम्ही ओसरीवर बसून राहिलो. आतून तेच वाक्य पुन्हा पुन्हा ऐकू येत होतं.