पुकारा दुसऱ्या कोर्टात झाला

त्या दिवशी मी सकाळी दहालेच कोर्टात जाऊन बसली होती. पोरगीले आईजवळ हिंगण्याले ठेवलं, डब्बाही नाई घेतला, एकच भेव होतं का तारीख चुकली तं पोरगी जाईन. सहा वर्साची आहे माही. नवऱ्यानं तिचा ताबा मांगतला होता, तसा कागद घरी आला. ताबा अन् तारीख एवढंच समजलं, बाकीचं डोक्यावरून गेलं. आठवीपर्यंतच शिकली मी. मले वाटलं, आपली नवऱ्यावरची मारहानीची केस जिथं चालू आहे तिथंच हेही असन. कोर्ट म्हनजे कोर्ट.

बसली बाकावर. पट्टेवाला दारात येऊन नावं पुकारे, लोकं उठत, आत जात, माहं नाव काही येईना. पानी प्याले उठली नाई, लघवीले गेली नाई, तेवढ्यात पुकारा झाला तं? बाजूची म्हातारी म्हने, "काहून वं, इतकी थरथरून राहिली? जज काय वाघ आहे?"

"वाघ बरा आजी, तो एकदाच खाते."

ती हसली. मले हसू नाई आलं.

तीन वाजता पट्टेवाल्याले कागद दाखवला. "अवं बाई, हे फॅमिली कोर्टाचं आहे. लेकरांचं तिकडं चालते, इथं मारहान. ती बिल्डिंगच येगळी."

"मंग सांगतलं काहून नाई भाऊ?"

"तू इचारलं केव्हा?"

पळाली मी, चप्पल तुटली तं हातात घेऊन पळाली. तिथं पोचली तं नवरा पायऱ्या उतरून राहिला होता, संग सासू. ती म्हने, "आली का महारानी? तीनदा पुकारलं तुले. जिले लेकरू पायजे ती अशी येते का?" नवरा नुसता हसला, अन् मी तशीच आत पळाली.

आतला बाबू म्हने, एकतर्फी झालं. म्हनजे माह्याबिगर. पोरगी आठ दिवसांत त्याच्याजवळ द्याची. मी तिथंच खाली बसली. गरिबांच्या केसा फुकट पाहनारी एक वकीलबाई होती, तिनं उठवलं, अर्ज लिवला, जज उठाच्या आंधी आत नेलं. जज बाईच होती.

"दिवसभर कुठं होत्या?"

"कोर्टातच होती, मॅडम."

तिनं चष्मा काढला. मंग हुकूम थांबवला. पन पुढच्या तारखेपर्यंत दर शनिवारी दोन तास पोरगी बापाले भेटवाची, तिथल्याच लेकरांच्या खोलीत.

पयल्या शनिवारी पोरगी माह्या पदराले धरून रडली. या शनिवारी नाई रडली. मी दाराबाहेर उभी, अन् आतून तिच्या हसन्याचा आवाज येऊन राहिला होता. पुढच्या तारखेले जज तिलेच इचारन म्हने, कोनाजवळ राहाचं. वकीलबाईनं बजावलं, तिले काही शिकवू नको, जजले लगेच समजते. म्हनून मी काही बोलत नाई. तिची वेनी घालते अन् गप बसते.