चंद्राला दोरी नाही

परभणी तालुक्यातील समस्त जनतेस, मेंढरांसह, अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की चंद्राला दोरी नाही. ही घोषणा करण्याचा मान खरं तर माझ्या मामांचा, भगवानरावांचा. पेडगावात राहून त्यांनी आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं. पण गेल्या महिन्यात ते गेले, आणि दोरीचा मामला तसाच राहिला. म्हणून भोंगा माझ्या हातात.

बातमी आली तेव्हा मी देवगाव फाट्यावर भजी खात होतो. फोन पिराजीनानांचा. नाना म्हणजे मामांचे लहानपणचे दोस्त, मेंढपाळ. त्यांना फोन लावता येतो हेच मला ठाऊक नव्हतं. "मास्तर शेतात खुर्चीत बसलेत," ते म्हणाले, "आन बोलंनात." झोपले असतील, मी म्हणालो. पलीकडून मेंढरांच्या गळ्यातल्या घंटा ऐकू आल्या, मग, "डोळे उघडे हायेत. वर बघायलेत."

सगळ्याचं मूळ मामांच्या नोकरीच्या पहिल्या वर्षात होतं. त्यांनी वर्गात नानांची गोफण नेली. ज्वारीवरची पाखरं हाकलणारी पोरं ती, त्यांना गोफण काय नवी? मामांनी दगड गरगर फिरवला आणि सांगितलं, हा दगड म्हणजे चंद्र, माझा हात म्हणजे पृथ्वी. पोरं खूश. परीक्षेत अख्ख्या वर्गानं लिहिलं, पृथ्वी चंद्राला दोरीने बांधते. एकानं कंसात 'बहुधा काथ्याच्या' अशी भरही घातली. मामा त्या दिवशी जेवले नाहीत. ही दोरी लोकांच्या डोक्यातून काढायला ते पुढे जन्मभर झटले. पोरं 'समजलं सर' म्हणून सुटायची. पिराजीनाना मात्र वर्गात दगड फिरवला त्या दिवशी आपली गोफण परत न्यायला येऊन खिडकीबाहेर उभे होते, आणि न पटलेलं पटलं म्हणणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

दर उन्हाळ्यात नाना आपला कळप खतासाठी मामांच्या शेतात बसवायचे. दिवस कलला की मामा वावराच्या मधोमध लोखंडी खुर्ची टाकत, भोवती मेंढरं बसत, आणि वाद सुरू.

"दोरी न्हाई तर चंद्र वळायलाय कशानं, मास्तर?"

"पडायलाय म्हणून. सारखा पृथ्वीकडं पडायलाय, पण बाजूला पळायलाय बी. म्हणून पडता पडता हुकतो."

"रोज हुकतो? लय आंधळा दिसतो."

"अरे पिऱ्या, पृथ्वीच्या भोवतालची जागाच ओढीची हाय. दोरी नको, हात नको. जो तिथून जाईल तो वळणारच."

"रिकामी जागा कुणाला वळवत न्हाई. मी जन्मभर मेंढरं वळवायलोय. हातात काठी लागती."

मला याची गंमत वाटायची. दोघांच्या नकला करून मी कितीतरी लग्नांच्या पंगती हसवल्या. पण यंदा, छातीचं दुखणं सुरू झाल्यावर, मामा मला म्हणाले, "चूक मी केली होती. पिऱ्यानं एकदा मान्य केलं की मी मोकळा." ते हसत नव्हते.

नानांनी मान्य केलं नाही. मामा गेले.

सुतकात नानांनी कळप दुसरीकडे हलवला होता. तेरावं झाल्यावर मामी म्हणाल्या, "दरसालसारखी मेंढरं बसवा, त्यांना आवडायचं." खुर्ची तर मामींनी केव्हाच घरी नेली होती. सूर्य बुडता बुडता कळप वावरात शिरला, आणि बसेना. मधोमध बैलगाडीच्या चाकाएवढी जागा मोकळी राहिली आणि तिच्याभोवती मेंढरं फिरू लागली. आतली भराभर, बाहेरची सावकाश. सूर्याजवळचा ग्रह घाईत, लांबचा निवांत, असं मामा म्हणायचे. जन्मभर भुताच्या गोष्टी सांगून मी लोकांना घाबरवलं, आता माझ्याच तोंडचं पाणी पळालं.

तरी मी आत गेलो. काळी ढेकळं, दुसरं काही नाही. वास नाही, बीळ नाही. मी बाहेर आलो. नानांनी मूठभर ज्वारी तिथं फेकली. एकही तोंड तिकडे वळलं नाही. जुन्या मेंढरांना खुर्ची चुकवून जायची सवय असेल, मी म्हणालो. "निम्मी यंदाची हायेत," नाना हळूच म्हणाले. मग त्यांनी एक यंदाचं कोकरू काठीनं हाकत सरळ त्या जागेवर घातलं. ते नीट चालत आलं, कडेपाशी पोचलं, आणि कुणी न अडवता, न ओढता, अलगद वळून गेलं. पुन्हा घातलं. पुन्हा वळलं. घंटा लांब जात, जवळ येत... वर पिवळट चंद्र निघाला होता.

नानांच्या हातून काठी गळून पडली. त्यांनी डोक्यावरचा पटका काढला, त्या मोकळ्या जागेपुढे उभे राहिले आणि म्हणाले, "दोरी न्हाई, मास्तर. मान्य हाय. आता उठा तिथून, मेंढरांना बसू द्या."